लाडके उंदीर आणि सापाचे उंदीर एकाच घरात : थोडं लांबलेलं उत्तर

तुमच्या मादीला तेरा पिल्लं झाली, घरात बॉल पायथन हा पाळीव अजगरही आहे, आणि तुम्ही विचारताय की शांत निघतील ती चार-पाच ठेवून बाकीची सापाला दिली तर ते ढोंग होईल का. वरच्या प्रतिक्रियांत एकाने तुम्हाला कसाई ठरवलंय, दुसऱ्याने भावनेच्या आहारी गेलेले. मी दोन्ही बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून लिहिते. पिंजरा केवढा, खायला काय, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. आणि मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

ढोंग वगैरे काही नाही. साप पाळला की कुणाचा तरी उंदीर मरणारच. मारून गोठवलेल्या उंदरांचं फ्रोझन पाकीट आणणाऱ्याचाही मरतो, फक्त त्याच्या डोळ्यांआड. रंगीत उंदीर पाळण्याच्या या हौसेचा उगमच असा दुहेरी आहे. व्हिक्टोरियन काळातल्या लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. तेव्हा कुत्र्यांपुढे उंदीर सोडून पैजा लावत आणि त्या खेळाला उंदीर पुरवणारी हीच मंडळी. वेगळ्या रंगाचे सापडले की ब्लॅक ते बाजूला काढायचा, त्यांची वीण वाढवायचा आणि हौशी लोकांना पाळायला विकायचा. पुढे १९०१ मध्ये मेरी डग्लस या बाईंनी एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदीर मांडले आणि या हौसेला प्रतिष्ठा आली. म्हणजे आपण फार काही नवं पाप करतोय अशातला भाग नाही. त्याने ते पुण्य होत नाही, हेही खरं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. मारण्यावर सगळे भांडतात. खरी गोची उंदीर जिवंत असताना होते. मला ती एका प्राण्यांच्या दवाखान्यात कळली. नाव घेत नाही. माझ्याकडच्या उंदरांना शिंका सुरू झाल्या होत्या. नाकाशी आणि डोळ्यांच्या कडेला तांबूस खपली धरत होती. ते रक्त नसतं, पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, पण तब्येत ढासळल्याचं ते लक्षण. उंदीर उचलून कुशीला कान लावला तर आत बारीक चरचर ऐकू यायची. तिथल्या नोंदणीच्या कागदावर एक रकाना होता : पाळीव की खाद्य. मी खरं ते सांगितलं, दोन्ही. पेन तिथेच थांबलं. ‘सापालाच घालायचेत ना, मग औषध कशाला?’ पाळीव असतील तेवढे वेगळे आणा, त्यांची वेगळी नोंद करू, असंही वर ऐकवलं. अहो, सगळे एका खोलीत, एका हवेत श्वास घेणारे, त्यातले वेगळे कोणते काढू? मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा उंदरांच्या फुप्फुसांना धरणारा जिवाणू असले रकाने बघून पसरत नाही. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात तो असतोच, ताण पडला किंवा घाणीतला अमोनिया वाढला की उसळतो. मुळापासून जात नाही, पण डॉक्सीसायक्लिन किंवा एनरोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी आटोक्यात ठेवता येतो, आणि तेही वेळेत दिलं तर. ती वेळ त्या खिडकीपाशी खेटे घालण्यात गेली. दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत अर्ध्याहून जास्त उंदीर गेले होते, त्यात माझी सगळ्यात जुनी, खांद्यावर झोपणारी मादीही. अजून तो कागद आठवला की चिडचिड होते.

पण शांत डोक्याने बघितलं तर त्या रकान्यामागे एक खरी अडचण आहे आणि ती कुणी बोलत नाही. औषध दिलेला उंदीर सापाला घालणं योग्य नाही, अंश शरीरात राहतो. म्हणजे जो ‘खाद्य’ उंदीर वाढवतो, त्याला उपचार न करण्यातच फायदा दिसतो. दुखणं आलं की चटकन सापाच्या यादीत टाकायचं, म्हणजे औषधही नको आणि अपराधी वाटायलाही नको. (आजारी उंदीर सापाला घालणं हे सापासाठीही शहाणपणाचं नाही, ते वेगळंच.) माझ्याकडे नियम एकच : आजारी पडला की उपचार होणार, आणि एकदा औषध पोटात गेलं की तो उंदीर सापाच्या यादीतून कायमचा बाद. मग साप फ्रीजरमधलं खाईल. हे परवडत नसेल तर दोन्ही सांभाळू नये, असं माझं स्पष्ट मत. पटलं नाही तरी हरकत नाही.

आता ‘शांत ती ठेवायची, चावरी ती सापाला’ याबद्दल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. स्वभाव काही प्रमाणात आईबापांकडून येतो, त्यामुळे चावऱ्याची वीण वाढवू नये हे बरोबरच. पण या वयात कोणतं पिल्लू शांत ‘निघतं’ हे बरंचसं तुमच्या हातावर असतं. रोज हाताळलेलं पिल्लू माणसाळतं, ‘हे तर जाणारच आहे’ म्हणून न शिवलेलं बुजरं राहतं, आणि मग आपण म्हणतो बघा, स्वभावच तसा. तेराही पिल्लांना सारखा हात लावा. जायची असतील त्यांनाही. गुदगुल्या केल्यावर उंदीर पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास चिरकतात, आपल्या कानांना ऐकू न येणारं ते हसूच म्हणा, याक पँकसेप या शास्त्रज्ञाने त्यावर बरंच काम केलंय. २०११ मधल्या एका प्रयोगात नळीत अडकलेल्या सोबत्याला सोडवायला उंदरांनी स्वतः दार उघडलं होतं, शेजारी चॉकलेट ठेवलेलं असूनही. असल्या जनावराला सहा आठवडे रिकाम्या डब्यात ठेवायचं कारण ‘सापाचा आहे’, हे मला जमत नाही.

हिशेबही बघा. एका वेतात आठ-बारा पिल्लं सहज, तुमच्याकडे तेरा. मोठा बॉल पायथन आठवड्या-दोन आठवड्याला एक खातो, कित्येकदा महिनोन्‌महिने तोंडही लावत नाही. एका सापासाठी वीण सुरू केली की पिल्लं उरणारच. मग उरलेली ‘चांगल्या घरी दिली’ असं सांगायचं. माझ्या मते खरं ढोंग इथे आहे. घेणाऱ्याला आईचं दुखणं, शिंका, सगळं सांगून द्या, नाहीतर देऊ नका. एका सापाच्या मालकाने सरळ फ्रोझन आणावं, घरी वीण करूच नये, असंच मी कुणालाही सांगेन.

मारण्याचं थोडक्यात. जिवंत सोडू नका. घाबरलेला उंदीर सापाचे डोळे आणि पाठ फोडतो, मी तशा जखमा पाहिल्यात. जिवंत फ्रीजरमध्ये ठेवणं तर क्रूरच. कार्बन डायऑक्साइड वापरणार असाल तर आधीच वायू भरलेल्या डब्यात टाकायचं नसतं, हळूहळू भरायचा असतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के असा वेग दिलाय. पिंक्यांवर, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बिनकेसांच्या पिल्लांवर, हा वायू फार सावकाश चालतो, त्या हलायच्या थांबल्या म्हणजे मेल्या असं समजू नका. हे वाचून करायचं काम नाही, जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिका, आणि बाकीच्या उंदरांसमोर नको. वर कुणीतरी सुचवलंय की डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मग सापाला घाला. कृपा करून नका! त्यात पेंटोबार्बिटल हे जीव घेणारं औषध असतं, ते अंगात राहतं, सापही जाईल.

बाहेरून नवा उंदीर आणलात तर काही आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांमधून माणसांना सोल विषाणूची लागण झाली होती, तेव्हा हा फक्त शिंकांचा प्रश्न नाही. देवदाराचा भुसाही नको, फुप्फुसांना वाईट.

फोटोत पिल्लांचे डोळे उघडलेत, म्हणजे दोन आठवड्यांची झालीच. पाचव्या आठवड्याच्या आत नर-माद्या वेगळ्या करा, भावंडं म्हणून थांबत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत, दुसरा पिंजरा आजच बघा. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही : बाप कुठे आहे? मादी व्यायल्यावर दिवसभरातच पुन्हा माजावर येते. तो तेव्हा पिंजऱ्यातच असेल तर ती पुन्हा गाभण आहे असंच धरून चाला, आणखी एक-दोन आठवड्यांत दुसरं वेत येईल. तसं असेल तर तिला पिल्लांसकट हलवू नका, फक्त नराला बाहेर काढा, आणि इथे कळवा.