मिश्रणाच्या प्लेटवर कॉलनी आल्या, पण जनुक खरंच गेलं हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रॅक्टिकलला दाता (जनुक देणारे) आणि ग्राही (ते घेणारे) ई. कोलाय जिवाणू एकत्र वाढवले, ॲम्पिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ही दोन्ही प्रतिजैविकं असलेल्या प्लेटवर पसरले आणि कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, आल्या. हे संयुग्मनच (एका जिवाणूने दुसऱ्याला स्पर्शातून जनुक देणं), नुसतं उत्परिवर्तन (जनुकात आपोआप झालेला बदल) नव्हे, हे कसं ओळखायचं?

उत्तर शेजारच्या दोन प्लेटांवर असतं. माध्यम तेच, पण एकीवर फक्त दाता आणि दुसरीवर फक्त ग्राही. दात्याच्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-वर्तुळावर) ॲम्पिसिलिन निकामी करणारं जनुक आहे, पण स्ट्रेप्टोमायसिनने तो मरतो. ग्राही स्ट्रेप्टोमायसिन पचवतो, ॲम्पिसिलिनला बळी पडतो. या दोन प्लेटा जवळजवळ रिकाम्या आणि मिश्रणाची प्लेट भरलेली, तरच जनुक गेलं असं म्हणा. दात्याच्या प्लेटवर एखादी कॉलनी दिसली तर गडबडू नका, ते उत्परिवर्तन असू शकतं. फरक आकड्यांत दिसला पाहिजे.

तुमची शंका १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम या शास्त्रज्ञांसमोरही होती, आणि त्यांनी तिची काढलेली वाट मला आजही फार आवडते. त्यांनी ई. कोलाय के-१२ चे पांगळे वाण घेतले. एकाला बायोटिन आणि मेथिओनिन बाहेरून द्यावं लागे, तर दुसऱ्याला थ्रिओनिन आणि ल्युसिन. यांपैकी काहीच नसलेल्या किमान माध्यमावर एकटा कुठलाच वाण वाढेना, मिश्रणातून मात्र साधारण एक कोटी पेशींमागे एक वाढली. एकेक दोष असता तर तो आपोआप दुरुस्त झाला असं कुणीही म्हटलं असतं. पण एक दुरुस्ती कोटीत एकदा होत असेल, तर दोन्ही एकाच पेशीत होण्याची शक्यता या दोन विरळ शक्यतांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे १०० लाख कोटींत एक. इतक्या पेशी प्लेटवर नसतातच.

तरी एक शंका उरली: प्रत्यक्ष स्पर्श लागतो, की द्रवात सुटलेलं काहीतरी पुरतं? १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी यू आकाराच्या नळीत मधोमध बारीक गाळणी बसवली आणि दोन बाजूंना दोन वाण ठेवले. द्रव इकडून तिकडे जात होता, जिवाणू नाहीत. किमान माध्यमावर काहीच उगवलं नाही. स्पर्श हवाच.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. मी एकदा फक्त ग्राहीची प्लेट घातलीच नाही. मिश्रणाच्या प्लेटवर भरघोस वाढ पाहून आनंदाने नोंद केली. पुढच्या वेळी ती प्लेट घातली, तर तिच्यावरही तेवढीच वाढ! आगर (प्लेटमधलं जेलीसारखं माध्यम) फार गरम असतानाच ॲम्पिसिलिन टाकलं होतं, ते उष्णतेने खराब झालं होतं. आगर साधारण ५० अंशांवर आल्यावरच ते घाला.

ॲम्पिसिलिनचा आणखी एक घोळ म्हणजे मोठ्या कॉलनीभोवती उगवणारे बारीक ठिपके. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडलेलं एन्झाइम आसपासचं ॲम्पिसिलिन संपवतं, आणि प्लाझ्मिड न मिळालेले ग्राही तिथे तग धरतात. ते मोजू नका. प्लेटा १८ ते २० तासांत बघा, उशीर केलात तर हे ठिपके वाढतात.

मिश्रण जोरात हलवूही नका, एकमेकांना चिकटलेल्या दाता-ग्राहीच्या जोड्या तुटतात. एली वोलमन आणि फ्रांस्वा जेकब यांनी हेच मुद्दाम केलं. मिनिटामिनिटांनी मिक्सरमध्ये जोड्या तोडून, तोपर्यंत कोणती जनुकं पोहोचली ते पाहिलं आणि त्यावरून गुणसूत्रावरचा त्यांचा क्रम लावला.

शेवटची खात्री अशी करा. चार-पाच कॉलनी ताज्या दुहेरी औषधाच्या प्लेटवर पुन्हा रेघून शुद्ध करा. ग्राही लॅक्टोज न वापरणारा आणि दाता वापरणारा असेल, तर त्या मॅकॉन्की आगरवरही रेघा. ग्राहीच्या कॉलनी फिक्या राहतात, दात्याच्या गुलाबी होतात. दोन्ही औषधं पचवणारी आणि तरीही फिकी कॉलनी मिळाली, की ती प्लाझ्मिड मिळालेला ग्राहीच.