वाचक विचारतात : आवाजाची रेघ

प्रश्न : कर्णबधिर मुलांना शिकवताना ग्रॅहम बेल यांनी म्हणे मेलेल्या माणसाच्या कानाचं यंत्र केलं होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तसं काही दाखवता येईल का? – एक शिक्षिका, परळ

उत्तर : यंत्र खरंच केलं होतं, १८७४ साली. बॉस्टनचे कानांचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी मृतदेहाचा कान मिळवून दिला. पडदा सुकू नये म्हणून त्याला ग्लिसरीन-पाणी लावत. आतल्या हाडाला गवताची काडी, काडीचं टोक काजळी धरलेल्या काचेवर. कानात बोलत काच सरकवली की नागमोडी रेघ उमटे. मुलाने आपली रेघ शिक्षकाच्या रेघेशी ताडून उच्चार सुधारावा, हा बेत.

तुम्हाला फुगा पुरे. पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं उघडी करा, कडांना चिकटपट्टी लावा. फुग्याची मान कापून उरलेलं रबर एका तोंडावर ताणून बांधा. नव्या फुग्यावरची भुकटी आधी पुसा, नाहीतर टेप धरत नाही. अर्ध्या सेंटिमीटरचा आरशाचा तुकडा मध्य आणि कड यांच्या अधेमध्ये चिकटवा. बरोबर मध्यावर लावलात तर पडदा नुसता पुढे-मागे होतो, आरसा कलत नाही आणि त्यावरून भिंतीवर पडणारा लेझरचा ठिपका जागचा हलत नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा लेझर पॉइंटर आरशावर तिरका रोखा. भिंत दोन-तीन मीटरवर, झोत कुणाच्या डोळ्यांच्या उंचीला नको. डबा आणि लेझर एकाच फळीला बांधा. हातात धरलात तर मुलं हाताची थरथर आवाज समजतील. ताणलेलं रबर काही तासांत सैल पडतं, जादा फुगे ठेवा.

डब्याच्या उघड्या तोंडात ‘आ’, ‘ऊ’ लांबवले की भिंतीवर वेटोळी दिसतात. ‘स’, ‘श’ला ठिपका जवळजवळ ढिम्म, कारण ती कंपनं फार जलद आणि क्षीण असतात. ‘फ’ला मात्र टुणकन उडतो, तो आवाज नव्हे, फुंकर. खरी अडचण वेगळीच : तोच ‘आ’ बारीक आवाजात म्हटला की आकृती बदलते. आकृती म्हणजे अक्षर नव्हे. म्हणून शेजारी वर्णमालेचा तक्ता लावा : क कंठातला, त दातांचा, प ओठांचा. प-ब-म ओठांवरून सारखेच दिसतात. ‘प’ आणि ‘ब’ मधला फरक गळ्यावर बोट ठेवून कळतो.

प्रश्न : टेलिफोन ग्रॅहम बेल यांनी कर्णबधिर बायकोसाठी शोधला का? – एक वाचक, दादर

उत्तर : नाही. पेटंट ७ मार्च १८७६चं, लग्न १८७७चं. शिवाय ऐकू न येणाऱ्याला फोन काय कामाचा? धागा आहे तो वरच्या उत्तरातल्या कानातच. एवढासा पडदा हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलवणार नाही, हे बेल यांना तिथे सुचलं.