मी सातवी शिकलेला, पोरीला काय शिकवणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी टेम्पो चालवतो, मार्केट यार्डची भाडी असतात म्हणून पहाटे तीनला निघतो ते दुपारी घरी. मुलगी साडेचार वर्षांची, अंगणवाडीत जाते. तिथल्या सेविकाताई म्हणतात घरीपण थोडं घेत जा. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा इंग्लिश मिडियमला जातो, शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, आमची नुसत्या रेघोट्या ओढते. शिकवायला बसलो की पाच मिनिटांत माझा आवाज चढतो, ती रडते, मग बायको मला बोलते. मी सातवी शिकलेला, काय करू?

उत्तर : दादा, आधी ती वही कपाटावर टाका. साडेचार वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून नीट वळण काढायची ताकद अजून यायचीय, रेघोट्या हीच तिची तयारी आहे, त्यावर आवाज चढवायचं काही कारण नाही.

आणि त्या शंभरवाल्याला एकदा सहज म्हणा, बाळा सात लिंबं आण बरं. आणली तर शाबासकी द्या, पण बरीच पोरं मूठभर घेऊन येतात, कारण ते पाठांतर असतं, मोजणं वेगळं. (त्याच्या आईला माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.)

तुमच्याकडे तर अख्खं मार्केट आहे हो! येताना पावशेर मटार आणा, पोरीला शेजारी घेऊन बसा, शेंग फोडायच्या आधी विचारा आत किती दाणे असतील? ती म्हणेल दहा. फोडा, मोजा, निघाले सहा. पुढची शेंग ती स्वतःच हातात घेईल बघा. यात अंदाज आला, मोजणं आलं, कमी-जास्त आलं, आणि सोलून सोलून बोटं तयार होतात ते वेगळंच. डोळे मिटून मेथी कुठली शेपू कुठला ओळखायला लावा. टेम्पोच्या नंबर प्लेटवरचे आकडे दाखवा, बापाच्या गाडीचा नंबर पोरं विसरत नाहीत. फक्त एक पाळा, प्रश्न विचारला की गप्प बसा. आपण दोन सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो, तिला शब्द जुळवायला वेळ लागतो.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा पोरं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि खेळायला काय, तर शंखशिंपले, बिया, पानं, दगड. महागडी खेळणी नव्हतीच.

वेळेचं म्हणाल तर जेवून आडवे व्हायच्या आधीची पंधरा मिनिटं पुरतात. झोप डोळ्यावर असेल त्या दिवशी सोडून द्या, चिडून बसण्यापेक्षा ते बरं. बायकोचं शिलाईकाम चालू असेल तर बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायचं काम पोरीला तिथेच मिळेल, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त बटण तोंडात जात नाही ना तेवढं बघा.

आणि पुढच्या पालकसभेला तुम्ही जाच. सगळ्या आयाच असतात, ऑड वाटेल, तरी जा. तिला किती येतं ते विचारू नका, ती तिथे कोणाशी खेळते, काय बडबडते ते विचारा. घरी आल्यावर पोरीला तेच सांगा, "आज मी तुझ्या अंगणवाडीत बसून आलो."