वाचकांचे प्रश्न: सीमेपलीकडून येणारे शिसे, कॅडमियम आणि पारा मोजायचे कसे?

प्रश्न: शिसे तर जड. मग ते चिमणीजवळच खाली पडायला हवे. एका देशाचे शिसे दुसऱ्या देशात पोहोचते, असे कशाच्या आधारावर म्हणतात?

शिशाचा गोळा जड असतो, पण भट्टीतून शिसे गोळ्याच्या रूपात बाहेर पडत नाही. जास्त तापमानाला त्याची वाफ होते. धूर निवला की ती वाफ राखेच्या अगदी बारीक कणांवर चिकटते. हे कण बहुतेक करून एक मायक्रॉनच्या आतबाहेर असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही लहान. इतका कण स्वतःच्या वजनाने जवळजवळ पडतच नाही, तो खाली येतो तो मुख्यतः पावसाबरोबर. पाऊस लागेपर्यंत तो हवेत साधारण आठवडाभर टिकतो. वारा सेकंदाला 5 मीटर धरला तरी दिवसाला 430 किलोमीटर होतात. युरोपात तेवढ्यात दोन-तीन सीमा सहज ओलांडल्या जातात. चिमणीतून निघणारे मोठे कण मात्र खरोखरच जवळपास पडतात. त्यामुळे कारखान्याशेजारची माती आणि हजार किलोमीटरवरचे जंगल या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

युरोपने यासाठी उभारलेली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. 1979 च्या जिनिव्हा करारात दूरवर पसरणाऱ्या वायुप्रदूषणाचा प्रश्न हाती घेतला गेला. त्याच करारांतर्गत 1998 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात जड धातूंचा प्रोटोकॉल झाला. तो 2003 च्या अखेरीस लागू झाला आणि 2012 मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. शिसे, कॅडमियम आणि पारा हे त्यातले तीन मुख्य धातू. मोजणी आणि मॉडेलिंगचे (म्हणजे प्रदूषणाचा प्रवास संगणकावर गणिताने मांडण्याचे) काम 'एमेप' या कार्यक्रमाखाली चालते. मोजमापांची जुळणी नॉर्वेतली संस्था करते, उत्सर्जनाचे हिशेब व्हिएन्नाच्या केंद्रात जमा होतात आणि धातूंसाठीचे 'ग्लेमॉस' हे मॉडेल मॉस्कोच्या केंद्राने विकसित केले. मोजणारे, हिशेब ठेवणारे आणि मॉडेल चालवणारे वेगवेगळे आहेत, ही या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. एकाची चूक दुसऱ्याच्या आकड्यात लपत नाही.

प्रश्न: आमचे केंद्र वस्तीपासून दूर आहे. रोज एक फिल्टर लावतो, पण कॅडमियमचे निम्मे आकडे शोधमर्यादेखाली (खात्रीने ओळखता येईल त्याहून कमी) येतात आणि मधूनच एखादा आकडा उसळतो. यंत्र बदलावे का?

आधी कोऱ्या फिल्टरचा हिशेब करा. तुमचा पंप ताशी 2.3 घनमीटर हवा ओढत असेल, तर दिवसभरात 55 घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. दूरच्या स्वच्छ ठिकाणी कॅडमियम घनमीटरमागे 0.05 नॅनोग्रॅम असेल, तर फिल्टरवर साचते जेमतेम 2.8 नॅनोग्रॅम. कोऱ्या फिल्टरमध्येच 1 नॅनोग्रॅम असेल, तर तुमच्या आकड्याचा सुमारे चौथा हिस्सा हवेतला नसून फिल्टरमधला आहे. तोच फिल्टर आठवडाभर चालवा: 386 घनमीटर हवा, सुमारे 19 नॅनोग्रॅम कॅडमियम, आणि कोऱ्याचा वाटा 5 टक्क्यांवर. दूरच्या केंद्रांवर धातूंसाठी आठवड्याचा नमुना घेण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. रोजचाच आकडा हवा असेल, तर ताशी 30 घनमीटर ओढणारा मोठा पंप लागेल.

यंत्रात न लावलेला, पण केंद्रावर नेऊन, धारकात बसवून, हवा न ओढता परत आणलेला फिल्टर म्हणजे 'फील्ड ब्लँक'. प्रत्येक खेपेत असे निदान दोन तरी हवेतच. प्रयोगशाळेच्या खोक्यातून थेट काढलेला कोरा फिल्टर त्याच्या जागी चालत नाही, कारण हातमोजे, चिमटा, धारकाची कड आणि प्रवास यांतून येणारी घाण त्यात उतरत नाही. या फील्ड ब्लँकच्या प्रमाण विचलनाची तिप्पट ही तुमची खरी शोधमर्यादा. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतली मर्यादा नव्हे.

उसळणाऱ्या आकड्यांसाठी पुढच्या गोष्टी पाहा. फिल्टर नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्हने विरघळवून आयसीपी-एमएसवर (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजत असाल, तर कॅडमियमच्या 111 आणि 114 या दोन्ही वस्तुमानांवर मॉलिब्डेनमचा ऑक्साइड येऊन बसतो. 114 वर कथिलही असते. दोन्ही वस्तुमानांवरून काढलेले कॅडमियम जुळत नसेल, तर तो आकडा कॅडमियमचा नाही. आर्सेनिकची अडचण त्याहून जुनी आहे: 75 या वस्तुमानावर आर्गॉन आणि क्लोरीन जोडीने येतात. समुद्रकिनाऱ्याजवळच्या नमुन्यात मीठ असतेच, म्हणून हेलियम भरलेला टक्करकक्ष (अशा जोड्या अडवणारा यंत्रातला कप्पा) चालू ठेवा आणि विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा. शिशासाठी 206, 207 आणि 208 या तिन्हींची बेरीज घ्या. खाणीगणिक त्यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे एकट्या 208 वर काढलेला आकडा थोडा घसरतो.

आणि कृपा करून शोधमर्यादेखालच्या आकड्याच्या जागी शून्य लिहू नका, रकाना रिकामाही सोडू नका. यंत्राने दिला तसा आकडा ठेवा, उणे असला तरी, आणि शेजारी खूण करा. शून्ये भरलेल्या रकान्याची सरासरी खरी नसते आणि पुढे मॉडेलशी तुलना करणाऱ्याला ते कळायचा मार्गच उरत नाही.

प्रश्न: पावसातल्या शिशाचे दर आठवड्याचे प्रमाण आमच्याकडे आहे. महिन्याचा निक्षेप (जमिनीवर पडलेले एकूण शिसे) काढताना प्रमाणांची सरासरी घेऊन एकूण पावसाने गुणावे ना?

नाही. पावसाच्या सुरुवातीच्या सरी हवा धुऊन काढतात, म्हणून थोड्या पावसात प्रमाण जास्त आणि भरपूर पावसात कमी येते. समजा एका आठवड्यात 2 मिलिमीटर पाऊस आणि लिटरमागे 4 मायक्रोग्रॅम शिसे, दुसऱ्यात 38 मिलिमीटर आणि 0.5 मायक्रोग्रॅम. साधी सरासरी 2.25. ती 40 मिलिमीटरने गुणली की चौरस मीटरमागे 90 मायक्रोग्रॅम. खरा निक्षेप मात्र 8 अधिक 19, म्हणजे 27. तिपटीहून जास्त फरक! एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हे धरून प्रत्येक आठवडा स्वतंत्र गुणा आणि मग बेरीज करा.

पावसाची उंची शेजारच्या पर्जन्यमापकातून घ्या, बाटलीतल्या पाण्यावरून नको. 20 सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात एका मिलिमीटरला 31.4 मिलिलिटर पाणी यायला हवे. त्याहून सतत कमी येत असेल, तर झाकण उशिरा उघडते आहे किंवा नरसाळे गळते आहे. आणखी एक: धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. आधी पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून मग आम्ल घातले, तर चिकटलेले शिसे जुन्याच बाटलीत राहते. नायट्रिक आम्ल मूळ बाटलीतच घाला, सुमारे 1 टक्का होईल इतके. दिवसभर तसेच ठेवा आणि मगच नमुना काढा.

प्रश्न: पाऱ्याला वेगळे यंत्र आणि वेगळे मॉडेल का लागते?

कारण हवेतला बहुतेक पारा कणांवर नसतोच, तो वायुरूपात असतो. हा मूलद्रव्यरूप पारा महिनोन्‌महिने हवेत राहून सगळ्या गोलार्धावर पसरतो. उत्तर गोलार्धात दूरच्या ठिकाणी तो घनमीटरमागे साधारण 1.5 नॅनोग्रॅमच्या आसपास सापडतो, दक्षिणेत एकच्या आसपास. ऑक्सिडीकरण झालेला पारा मात्र पाण्यात सहज विरघळतो आणि लवकर खाली येतो. म्हणून युरोपापुरते मॉडेल चालवून पाऱ्याचा हिशेब लागत नाही, कडांवर जागतिक मॉडेलचे आकडे भरावे लागतात. ध्रुवाजवळ आणखी एक गंमत घडते. वसंतात समुद्रबर्फावरून आलेले ब्रोमीन पाऱ्याचे ऑक्सिडीकरण करते आणि काही तासांत हवेतला पारा जवळजवळ नाहीसा होतो. कॅनडातल्या अलर्ट या ठिकाणी 1995 मध्ये हे पहिल्यांदा टिपले गेले. ही रसायनक्रिया नसलेले मॉडेल तिथे सपशेल चुकते.

यंत्रात सोन्याचे दोन सापळे असतात. एक पाच मिनिटे हवेतला पारा धरतो, तेवढ्यात दुसरा तापवून त्यातला पारा आर्गॉनबरोबर प्रकाशमापकाकडे जातो आणि 253.7 नॅनोमीटरवर मोजला जातो. मग दोघांच्या पाळ्या बदलतात. आकड्यांचा आलेख पाच-पाच मिनिटांना करवतीच्या दातांसारखा वरखाली होऊ लागला, तर हवेत काही घडत नाही, एक सापळा थकला आहे. दोन सापळ्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला की तो बदला. सापळ्याआधीचा, आम्लवायू शोषणारा सोडा-लाइम वेळेवर बदलला तर ही वेळ उशिरा येते. आकडे कोणत्या तापमानाला आणलेले आहेत हेही लिहा. पाऱ्यासाठी 0 अंश सेल्सिअसचा घनमीटर धरतात. कुणी 20 अंशांचा धरला तर आकडा 7 टक्क्यांनी कमी दिसतो, म्हणजे 1.5 च्या जागी 1.4, आणि कुणीतरी ती प्रदूषणातली घट समजते.

प्रश्न: मॉडेल अमुक देशाचा वाटा 30 टक्के असे सांगते. हे ते कसे ठरवते? आणि मॉडेलचे आकडे मोजमापापेक्षा कमी का येतात?

मॉडेल प्रत्येक देशाच्या उत्सर्जनावर जणू वेगळा रंग लावते. मग वाऱ्याबरोबर वाहणे, वरखाली मिसळणे, कोरडे बसणे आणि पावसात धुतले जाणे हे सगळे प्रत्येक रंगासाठी वेगळे मोजते. शिसे आणि कॅडमियम हवेत दुसरे काही बनत नाहीत, म्हणून सगळ्या रंगांची बेरीज एकूण आकड्याइतकी यायलाच हवी. ती एखाद्या टक्क्यापलीकडे चुकली, तर नकाशा पाहू नका, प्रोग्राम तपासा. उत्सर्जन आता 0.1 अंशाच्या चौकोनांत दिले जाते. 60 अंश अक्षांशावर असा चौकोन सुमारे 11 किलोमीटर लांब आणि साडेपाच किलोमीटर रुंद असतो.

कमी आकड्यांचे मूळ बहुतेक वेळा उत्सर्जनाच्या हिशेबात असते. हा हिशेब म्हणजे वापरलेले इंधन, गुणिले त्यातून सुटणारा धातू, गुणिले गाळणीतून निसटणारा वाटा. समजा वर्षाला दहा लाख टन कोळसा जाळला आणि टनामागे 0.1 ग्रॅम कॅडमियम होते, म्हणजे एकूण 100 किलो. गाळणी धुळीचा 99 टक्के भाग पकडते, म्हणून एक किलो बाहेर गेले असे लिहिले जाते. पण कॅडमियम बारीक राखेवर जास्त जमते आणि गाळणी बारीक राख कमी पकडते. कॅडमियमपुरती ती 97 टक्केच असेल, तर बाहेर तीन किलो गेले. वर्षानुवर्षे तिसरा हिस्साच कागदावर येत राहतो. दुसरे कारण जुने शिसे. पेट्रोलमधून दशकानुदशके मातीत साचलेले शिसे वाऱ्याने पुन्हा उडते आणि ते कुणाच्याही वहीत नसते. आमच्या मते ते कोणत्याही देशाच्या वाट्यात ढकलू नये, त्याचा रकाना वेगळाच दाखवावा. आज ज्या जमिनीवरून ते उडाले, तिथे ते कदाचित शेजाऱ्याच्याच गाड्यांतून आलेले असेल.

चूक शोधताना आधी मॉडेलचा पाऊस पर्जन्यमापकाशी ताडून पाहा. मग हवेतले प्रमाण आणि पावसातले प्रमाण वेगवेगळे तपासा. दोन्ही सारख्याच पटीत कमी असतील, तर उत्सर्जनाकडे बोट जाते. हवेतले बरोबर आणि पावसातले चुकीचे असेल, तर पावसात धुतले जाण्याचे गणित बिघडले आहे. मग ऋतू पाहा. तूट हिवाळ्यात असेल तर घरोघरचे जळण मोजले गेलेले नाही. कोरड्या, वादळी दिवसांत असेल तर उडणारी धूळ.

प्रश्न: शिशाचा आकडा उसळला त्या दिवशीचा वाऱ्याचा उलटा माग (हवा कुठून आली याचा संगणकाने काढलेला मार्ग) शेजारच्या देशातल्या एका भट्टीवरून जातो. हा पुरावा पुरेसा आहे का?

नाही. अशा मागाची चूक प्रवासाच्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याइतकी असणे नेहमीचे आहे. हजार किलोमीटरवर ती दोनशे किलोमीटर होते. जमिनीपासून 10 मीटरवरून माग काढला तर तो आणखीच भरकटतो. 500 मीटरच्या आसपासच्या दोन-तीन उंचींवरून, दर तीन तासांनी, वर्षभराचे माग काढा. जास्त आकड्यांच्या दिवसांचे आणि कमी आकड्यांच्या दिवसांचेही. त्याच भट्टीवरून आलेल्या कमी आकड्यांच्या दिवसांकडे फार कुणी पाहत नाही आणि खरी परीक्षा तिथेच होते. शिशाच्या 206 आणि 207 या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) गुणोत्तर जोडीला असेल तर दावा पक्का होतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल खाणीचे शिसे सुमारे 1.04 वर येते, युरोपातले नैसर्गिक शिसे 1.2 च्या आसपास.

प्रश्न: महागडी यंत्रे नाहीत. मॉसवरून काही कळते का?

बरेच कळते. मॉसला, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीला, खरी मुळे नसतात, त्यामुळे पाणी आणि धातू तो मुख्यतः वरूनच घेतो. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाअखेरीस ही पद्धत सुरू झाली आणि 1990 पासून युरोपात दर पाच वर्षांनी मॉसची पाहणी होते. हायलोकोमियम स्प्लेंडेन्स ही जात सोयीची, कारण तिची दर वर्षाची वाढ जिन्याच्या पायरीसारखी वेगळी दिसते. शेवटच्या तीन पायऱ्या घ्या. त्याखालचा तपकिरी भाग टाका.

मोठ्या रस्त्यांपासून आणि वस्तीपासून निदान 300 मीटर दूर जा, लहान रस्ते आणि एकट्या घरांपासून 100 मीटर. झाडाच्या फांद्यांच्या कडेपासून तीन मीटर मोकळ्यावर राहा. पानांवरून ठिबकणारे पाणी आकडा बदलते. पन्नास बाय पन्नास मीटरच्या जागेत पाच ते दहा ठिकाणचे मॉस एकत्र करा. हातात अंगठी नको, रंगीत पिशवी नको. धुऊ नका. माती-काड्या हाताने वेचा, 40 अंशांवर सुकवा आणि प्रत्येक खेपेत प्रमाणित मॉसचा एक नमुना सोबत मोजा.

कॅडमियम आणि शिशाचा नकाशा मॉडेलच्या निक्षेपाशी चांगला जुळतो, पाऱ्याचा फारसा नाही. मॉसचा आकडा किलोमागे मिलिग्रॅममध्ये येतो, त्यावरून थेट चौरस मीटरचा निक्षेप काढू नका. पण जिथे मॉस चढा आकडा दाखवतो आणि मॉडेल गप्प आहे, तिथे पुढचे फिल्टर-केंद्र उभारा.