वाचक विचारतात : जेंबे, व्हायोलिन आणि लॅपटॉप

प्रश्न : आमचा चौघांचा ग्रुप आहे. जॅझ अंगाचं व्हायोलिन, जेंबे (हातानं वाजवायचा आफ्रिकन ढोल), लोखंडी घंटा आणि लॅपटॉप. व्हायोलिनच्या पिझो पिकअपचा (कंपनं पकडून विजेचा सिग्नल देणाऱ्या चकतीचा) आवाज पातळ, किरकिरा येतो. डिले (सुराचा प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) चालू केला की ठेकाच ढासळतो. (निपाणी)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पिकअपची वायर बहुतेक इंटरफेसच्या (वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीच्या) लाइन इनपुटात गेली आहे. तिथला इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) 10-20 किलोओहमच्या घरात असतो आणि पिझोला लागतो साधारण 1 मेगाओहम, म्हणून खालचे सूर आत शिरण्याआधीच गळतात. 'इन्स्ट्रुमेंट'चं बटण असेल तर दाबा, नसेल तर मध्ये प्रीअँप (सिग्नल जुळवून वाढवणारं छोटं यंत्र) घाला. इक्वलायझरवर बेस वाढवून काही होत नाही, नुसती घरघर वाढते. मग 180 हर्ट्झखालचं कापा. व्हायोलिनची सर्वांत खर्जाची तार 196 ला असते, त्यामुळे तुमचं काही जात नाही आणि जेंबेच्या घुमाऱ्याला जागा होते. तारा उतरवून सा-प-सा-प लावत असाल तर मात्र 130 वर थांबा. किरकिर 3 किलोहर्ट्झच्या आसपास सापडेल. 3-4 डेसिबल उतरवा.

आता डिले. समजा पाय मिनिटाला 100 वेळा पडतो. एका ठोक्याला 600 मिलिसेकंद, आणि तुमचा ठेका तिनातिनाचा असेल तर एक कण (ठोक्याचा तिसरा भाग) 200 चा. सॉफ्टवेअरमधला आयता 'डॉटेड' (पाऊण ठोक्याचा) डिले 450 वर प्रतिध्वनी टाकतो, म्हणजे बरोबर दोन कणांच्या फटीत. ढासळणार नाही तर काय! 400 किंवा 600 ठेवा, फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा किती घुमावा ते प्रमाण) 25 टक्क्यांच्या आत. जेंबेवाला रंगात आला की लय चढतेच, तेव्हा आकडा टाइप करत बसू नका. पायाखाली टॅप टेम्पोचं (दाबाल त्या लयीला डिले जुळवणारं) बटण हवं. लूप (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा फिरवणं) करायचाच तर लांब, सलग गजाचे सूर करा. तुटक फ्रेज लूप केली की चार आवर्तनांत ती मागे पडल्याचं सगळ्यांना ऐकू येतं.

प्रश्न : तबला शिकलोय. 12 मात्रांची आफ्रिकन घंटा एकताल धरून मोजली तर? (बेळगाव)

उत्तर : मोजता येईल, पण डोलता येणार नाही. एकताल दोन-दोन मात्रांच्या सहा विभागांचा. इथे पाय पडतात 1, 4, 7, 10 वर. त्यापेक्षा द्रुत दादऱ्याची दोन आवर्तनं मनात धरा. घाना-टोगोच्या एवे वादनातली घंटा 1, 3, 5, 6, 8, 10, 12 वर वाजते. पायाशी तिची गाठ पडते ती फक्त 1 आणि 10 वर, सगळी गंमत त्यातच आहे. आठवडाभर पायानं चार ठोके आणि हातानं घंटा, एवढंच करा. 7 वर पाय पडताना हात रिकामा राहिला पाहिजे; तबलजीचा हात नेमका तिथं शिवशिवतो. व्हायोलिननं घंटेच्या फटी भरू नयेत, वरून लांब ओळ ओढावी. (जेंबे मूळचं गिनी-मालीकडच्या मांदे लोकांचं, घंटा एवे लोकांची. मिसळा खुशाल, पण ठाऊक असू द्या.) ऐकायचं तर फ्रेंच व्हायोलिनवादक झाँ-ल्यूक पाँती यांनी 1991 मध्ये पश्चिम आफ्रिकी वादकांसोबत केलेला अल्बम शोधा.

प्रश्न : पावसाळ्यात जेंबे पार बसतं. दोरी ओढून घ्यावी का? (खानापूर)

उत्तर : ओलसर असताना मुळीच नाही. बकऱ्याचं कातडं दमटपणा पिऊन सैलावतं. तेव्हा ओढलंत तर ऊन पडल्यावर ते आक्रसतं आणि कडेजवळ फाटतं. हलगी शेकतात तसं जाळावरही धरू नका, दोऱ्यांचा ताण आधीच जबर असतो. खालून 60 वॉटचा पिवळा बल्ब तासभर लावा, मग वाजवून बघा. तरीही ढप्प बोललं तर दोरीच्या दोन-तीनच चौकटी ओढा आणि रात्रभर तसंच ठेवा. रिंगांवर हातोडी मारायची सवय तबल्यापुरतीच राहू दे.