बाई, एक शंका : मालदीवशी पुन्हा गट्टी कशी?

या वेळच्या टपालात मालदीवच मालदीव. पंतप्रधान 25 आणि 26 जुलै 2025 ला मालदीवची राजधानी माले इथे होते, तेही त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे म्हणून. जानेवारी 2024 मध्ये ‘बॉयकॉट मालदीव’चा घोष करणारे आमचे वाचक त्यामुळे पार गोंधळले आहेत. तिथल्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या शाळेत मी गणित शिकवलं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणून शंका माझ्या दारात. संपादकांनी पानं वाढवून दिलेली नाहीत, तेव्हा काहींना त्रोटक उत्तरावर भागवून घ्यावं लागेल.

‘इंडिया आऊट’च्या लाटेवर निवडून आलेल्या माणसाला आपण 4,850 कोटी दिले. बाई, आपण इतके भोळे कसे? (एक वाचक, ठाणे)

दिले नाहीत हो, कर्जाऊ देऊ केले. ती रुपयांतली पतमर्यादा आहे, लागेल तशी उचलायची आणि फेडायची. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये 40 कोटी डॉलरची आणि 3,000 कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय करून दिली होती. तेव्हा मालदीवच्या तिजोरीची अवस्था अशी होती, की इस्लामी रोख्यांचा हप्ता तरी भरला जाईल का, याची चर्चा जगभरच्या बाजारात चालली होती. ‘अडला हरी’ ही म्हण इथे वापरायला गेलं तर आपल्या वाट्याला गाढवाची भूमिका येते, म्हणून ती राहू दे.

मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांचा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. 17 नोव्हेंबर 2023 ला शपथ घेतली आणि लगेच भारताने आपले सैनिक परत न्यावेत म्हणून सांगितलं. नवा अध्यक्ष पहिला दिल्लीला येतो हा तिथला रिवाज, हे आधी तुर्कस्तानला गेले. जानेवारी 2024 मध्ये चीनला शासकीय दौरा, वीस करार. परतल्यावर विमानतळावरच म्हणाले, आम्ही लहान असू, पण म्हणून आमच्यावर दादागिरी करायचा परवाना कुणाला मिळत नाही. त्याच वर्षी 9 जूनला हेच गृहस्थ दिल्लीत मोदींच्या शपथविधीला पाहुणे होते. सप्टेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात सांगत होते की आम्ही कुठल्याच देशाच्या विरोधात नव्हतो. ऑक्टोबरात ताजमहाल पाहिला, मुंबईला येऊन गुंतवणूकदारांना भेटले. मधल्या काळात मन बदललं असेल तर चांगलंच, पण मला वाटतं आधी हिशेब बदलला.

दिल्लीने मात्र या काळात तोल सोडला नाही. समाजमाध्यमांवर आपण तलवारी परजत होतो, तेव्हा अधिकारी दोन्ही देशांच्या उच्चस्तरीय गटाच्या बैठका घेत बसले होते. कंटाळवाणं काम, पण त्यानेच भागलं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मालदीवमधल्या आपल्या 77 सैनिकांवरून तिथलं सरकार बदलू शकतं का? ते तिथे नेमकं करत काय होते? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

सैनिक म्हटलं की डोळ्यांपुढे रणगाडे येतात. हे होते हेलिकॉप्टर उडवणारे आणि त्याचे नटबोल्ट आवळणारे. मालदीवच्या अध्यक्ष कार्यालयानेच फोड करून दिली होती : एका हेलिकॉप्टरमागे 24, डॉर्नियर विमानामागे 25, दुसऱ्या हेलिकॉप्टरमागे 26 आणि देखभालीसाठी 2. ही दोन ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर आपणच दिलेली. समुद्रावर नजर ठेवायची, आणि दूरच्या बेटावरचा रुग्ण मोठ्या इस्पितळापर्यंत पोचवायचा.

या दुसऱ्या कामाची किंमत मला ठाऊक आहे, कारण मी होते तेव्हा हेलिकॉप्टर नव्हतं. बाळंतपण अडलं की धोणी काढायची, म्हणजे तिथली होडी. पावसाळ्यात ती निघाली की अख्खं बेट धक्क्यावर उभं असायचं. मालेला पोचल्यावर दाखल करायचं ते इंदिरा गांधी स्मृती इस्पितळात, जे आपल्याच मदतीने उभं राहिलं आणि 1995 मध्ये सुरू झालं. त्याच्या नावावर कुणाला आक्षेप घेताना मी ऐकलं नाही.

मग घोडं अडलं कुठे? लपवाछपवीत. फेब्रुवारी 2021 मध्ये आधीच्या इब्राहिम सोलिह सरकारने उथुरु थिला फाल्हू इथे तटरक्षक दलाचं बंदर आणि गोदी बांधण्याचा करार भारताशी केला. मालेपासून बोटीने जवळच ही जागा. लोक म्हणाले, करार दाखवा. सरकार म्हणालं, गोपनीय आहे. झालं! विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. माजी अध्यक्ष अब्दुल्ला यामीन ‘इंडिया आऊट’चे टी-शर्ट घालून फिरू लागले. एप्रिल 2022 मध्ये सोलिह यांनी आदेश काढून ही मोहीमच बेकायदा ठरवली, म्हणजे आगीत तेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, सोलिह यांना ती मूठ निवडणुकीत महागात पडली.

पण परीक्षेच्या उत्तरात एवढंच लिहिलंस तर अर्धेच गुण. डिसेंबर 2022 मध्ये यामीन यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात अकरा वर्षांची शिक्षा झाली, म्हणून ऐनवेळी मालेचे महापौर मुइझ्झू उमेदवार झाले. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, लीड्सहून डॉक्टरेट, आणि यामीन सरकारात गृहबांधणीमंत्री. समोर सोलिह आणि त्यांचे बालमित्र, माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्यात फाटलं होतं, नशीद यांनी वेगळा पक्ष काढून मतं खाल्ली. घरांची टंचाई, मालेतली भाडी, बेरोजगारी हे सगळं होतंच. 30 सप्टेंबर 2023 ला दुसऱ्या फेरीत मुइझ्झूंना 54 टक्के मिळाले. आपल्याकडच्या वाहिन्यांनी मात्र त्याचं भाषांतर ‘चीन जिंकला’ असं केलं. एखाद्या गावात पाणीपुरवठ्यावरून सरपंच पडावा आणि बाहेरच्यांनी त्याचं श्रेय शेजारच्या गावाला द्यावं, तसं.

शेवट कसा झाला? 10 मे 2024 पर्यंत सगळे गणवेशधारी परत आले आणि त्यांच्या जागी आपलेच नागरी तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टरं आणि विमान तिथेच राहिली. मुइझ्झूंना सांगायला झालं की परदेशी सैनिक घालवले आणि बेटावरच्या रुग्णालाही फरक पडला नाही. तरी मधली एक घटना विसरू नकोस. जानेवारी 2024 मध्ये गाफू अलिफ या दूरच्या बेटसमूहातल्या चौदा वर्षांच्या मुलाला वेळेत मालेला हलवता आलं नाही आणि तो दगावला. विमान मिळायला उशीर झाला, असा घरच्यांचा आरोप; व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने तांत्रिक अडचण सांगितली. अध्यक्षांच्या भारतद्वेषाची किंमत लोकांनी जिवाने का मोजायची, असं तिथल्याच एका खासदाराने जाहीरपणे विचारलं होतं.

आणि हो, मार्च 2024 मध्ये मुइझ्झू सरकारने चीनशी मोफत लष्करी मदतीचा करार केला. त्याचा तपशील? तोही गुलदस्त्यात.

कांद्याला निर्यातबंदी घालून आमचं कंबरडं मोडलं आणि त्याच वेळी शिव्या घालणाऱ्या मालदीवला मात्र कांद्याचा कोटा. हा कुठला न्याय? (एक कांदा उत्पादक, निफाड)

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग रास्त आहे, पण तो मालदीववर काढू नका.

आधी आकडे. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली, तीही 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. या बंदीच्या काळातच, एप्रिलच्या सुरुवातीला, केंद्राने 2024-25 साठी मालदीवचा कोटा जाहीर केला : कांदा 35,749 टन, बटाटा 21,513 टन, तांदूळ 1,24,218 टन, साखर 64,494 टन, अंडी पावणेत्रेचाळीस कोटी, शिवाय बांधकामाची वाळू आणि खडी प्रत्येकी दहा लाख टन. 1981 पासूनच्या व्यापार कराराखाली हा कोटा दरवर्षी ठरतो. त्या वर्षीचा आजवरचा सगळ्यात मोठा, तोही संबंध सगळ्यात बिघडलेले असताना.

गणिताची बाई म्हणून भागाकार करून बघितला. मालदीवची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत. म्हणजे माणशी वर्षाला 70 किलोच्या आसपास कांदा आणि रोज दोनाहून जास्त अंडी. माझ्या तिथल्या शेजारणी काही इतका कांदा चिरत नव्हत्या! यातला मोठा वाटा वर्षाला येणाऱ्या वीसेक लाख पर्यटकांच्या ताटात जातो. आणि कोटा म्हणजे वरची मर्यादा, तेवढा माल उचललाच असं नव्हे.

तरी कांद्याशिवाय त्यांची सकाळ उजाडत नाही हे खरं. मासहुनी म्हणजे ट्यूना मासा, खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि लिंबू, हाताने कुस्करून रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर खायचं. मासा आणि नारळ त्यांचा, कांदा आपला. बेटावर माती जेमतेम, कांदा पिकणार कुठे? सामानाची होडी यायला उशीर झाला की दुकानदार पहिला कांदा संपल्याचं सांगायचा. मुइझ्झू जानेवारी 2024 मध्ये म्हणाले होते की धान्य तुर्कस्तानातून आणि औषधं युरोप-अमेरिकेतून आणू. म्हणायला सोपं. तमिळनाडूतल्या तुतिकोरिन बंदरातून येणाऱ्या जहाजाशी तुर्कस्तानचं जहाज भाड्यात कशी बरोबरी करणार?

तेव्हा मालदीवच्या कोट्यातल्या 35 हजार टनांनी निफाडचा भाव पडला नाही. तो पाडला शहरातल्या गिऱ्हाईकाला स्वस्त कांदा देण्याच्या धोरणाने, आणि त्याचा हिशेब तुमच्या भागाने 2024 च्या लोकसभेला केलाही. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. मला खटकतं ते एवढंच की ‘शेजारधर्म’ हा शब्द परराष्ट्र खात्याने वापरायचा आणि त्यासाठी सूट देता येते हे सिद्धही करायचं, मग तीच लवचीकता लासलगावच्या बाबतीत का सुचत नाही? याचं उत्तर मला विचारू नका, मतं मागायला येतील त्यांना विचारा.

जानेवारी 2024 मध्ये आम्ही मालदीवची सहल रद्द केली. पैसे अर्धेच परत मिळाले. देशासाठी केलं ते बरोबर ना? (एक दांपत्य, डोंबिवली)

तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल अभद्र लिहिलं, त्यांना त्यांच्याच सरकारने निलंबित केलं. तुमचा राग समजू शकते. आणि त्याचा परिणाम दिसला : 2023 मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय गेले होते, सर्वांत जास्त, 2024 मध्ये 1 लाख 30 हजारांच्या आसपास, आणि पहिला नंबर चिन्यांनी घेतला. म्हणजे चीनवरचं त्यांचं अवलंबित्व वाढावं म्हणून तुम्ही अर्धे पैसे घालवलेत. अर्थात ते तुमचे पैसे, मी कोण बोलणार. तिथल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं छोटं अतिथिगृह आहे. तो त्या महिन्यात मुंबईच्या नंबरांवर रोज फोन लावत होता.

मी लष्करातून निवृत्त. चीनचा तळ तिथे उभा राहणार का, एवढंच सांगा. (साताऱ्याहून एक सुभेदार)

सुभेदारसाहेब, नमस्कार. तळ आज नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘शियांग यांग हाँग 03’ हे चिनी संशोधन जहाज मालेला येऊन गेलं. मालदीवने सांगितलं की आमच्या पाण्यात संशोधन होणार नाही, फक्त माणसांची अदलाबदल आणि सामान. तुम्ही यावर किती विश्वास ठेवाल ते मला कळतं. आपणही 6 मार्चला लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर नौदलाचा ‘आयएनएस जटायू’ तळ सुरू केला. मिनिकॉयपासून मालदीवचं उत्तर टोक सुमारे 70 सागरी मैल. जलसर्वेक्षणाचा 2019 चा भारताबरोबरचा करार त्यांनी वाढवला नाही, ही मला जहाजापेक्षा जास्त गंभीर गोष्ट वाटते.

पण मालेत उभं राहून पाहा. पूर्वेला विमानतळाकडे जाणारा सिनामाले पूल चीनच्या मदतीने झालेला, 2018 चा, आणि तेव्हा खात्याचे मंत्री होते हेच मुइझ्झू. पश्चिमेला विलिंगिली आणि थिलाफुशी या बेटांकडे जाणारा थिलामाले पूल आपल्या पैशातून, 50 कोटी डॉलरचा, आणि बांधतेय मुंबईची कंपनी. मुइझ्झूंनी आल्या आल्या तो बंद पाडला नाही, उलट लवकर उरका म्हणून मागे लागले. मला त्यांची भाषणं वाचून जे कळलं नाही ते एवढ्यावरून कळलं.

मालदीवचं मीठ खाल्लंत म्हणून त्यांची बाजू घेता का? (नाव नको, पुणे)

मीठ तुतिकोरिनहून यायचं.

माझी मुलगी बी.एड. आहे. तिथे शिक्षकांना अजून नोकऱ्या मिळतात का? इतकं होऊन पाठवावं का? (एक आई, रत्नागिरी)

मिळतात. या सगळ्या वादातही तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक शिकवत राहिले आणि इस्पितळांत भारतीय परिचारिका काम करत राहिल्या. मुलीला जाऊ द्या, फक्त माले मिळेल अशी आशा धरू नका, पहिली नेमणूक बहुधा लांबच्या बेटावर होईल. मासे खात नसेल तर थोडे हाल. करारात राहायची जागा कोण देणार आणि सुट्टीत घरी यायचं तिकीट आहे का, ते पाहा. तिथे डॉलरची टंचाई आहे, पगार रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात मिळाला की घरी पैसे पाठवायला त्रास होतो, तेव्हा महिन्याला किती रक्कम बाहेर पाठवता येते हे सही करण्याआधी बँकेत विचारून घ्यायला सांगा.