‘ऑपरेशन शक्य नाही’ असे सांगितल्यानंतर

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असून पंपिंग २५ टक्के आहे. दोन सर्जननी बायपासला नकार दिला. एका केंद्राने स्टेम सेल उपचारासाठी सहा लाख रुपये सांगितले आहेत. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचा) मान्य उपचार म्हणजे काही ठरावीक आजारांसाठी, मुख्यतः रक्ताच्या विकारांसाठी, केले जाणारे रक्तपेशी-प्रत्यारोपण. हृदयासाठी या पेशी केवळ नोंदणीकृत चाचणीतच वापरता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. आपल्याला सांगितलेली रक्कम हाच सर्वांत मोठा इशारा आहे. या क्षेत्रावर आशा फार होती, हे मी नाकारत नाही. मात्र हृदयात नवे स्नायू तयार करणाऱ्या पेशी असतात असा दावा करणारे अमेरिकेतील संशोधक पिएरो अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस खुद्द हार्वर्डने २०१८ मध्ये केली.

त्या केंद्राकडे चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक मागावा. तो सीटीआरआय, वर्ष, महिना आणि अनुक्रमांक अशा क्रमाने लिहिलेला असतो. संकेतस्थळावर तो घालून चाचणी कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, नैतिकता समितीची मान्यता मिळाली आहे का आणि रुग्णभरती सुरू आहे का, हे स्वतः वाचावे. नोंदणी आहे म्हणजे उपचार गुणकारी आहे, असे मात्र समजू नये.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी आज चार गटांतील औषधे एकत्र दिली जातात. ती सर्व सुरू आहेत का आणि सोसवेल तेवढ्या मात्रेपर्यंत वाढवली आहेत का, हे हृदयविकारतज्ज्ञांना विचारा. कारण अनेक रुग्ण प्रयोगांच्या मागे धावत असताना हे सिद्ध उपचार सुरुवातीच्या मात्रेवरच अडकलेले असतात, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते.

प्रश्न : आईचे वय ८१. महाधमनीची झडप अरुंद झाली आहे. भूल सोसणार नाही म्हणून शस्त्रक्रिया नाकारली. प्रायोगिक तरी काही आहे का?

उत्तर : आपल्याला प्रयोगाची गरजच नसावी. मांडीतील रक्तवाहिनीतून नवी झडप बसवण्याची ‘टावी’ ही पद्धत फ्रान्समधील रूआं येथे ॲलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये प्रथम वापरली, तीही शस्त्रक्रिया अशक्य ठरलेल्या रुग्णावर. अशाच ३५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी निम्मे रुग्ण वर्षभरात दगावले, तर टावी केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. मुंबई-पुण्यात ही पद्धत आता नियमित वापरात आहे. झडपेचे आणि मांडीच्या धमनीचे माप घेणारा सीटी स्कॅन करून, टावी करणाऱ्या चमूचे मत लेखी घ्यावे. ‘अशक्य’ हा शब्द नेमक्या कोणत्या शस्त्रक्रियेला लागू आहे, हे प्रत्येक कुटुंबाने विचारलेच पाहिजे.

प्रश्न : ईईसीपी आणि चिलेशन यांचा उपयोग होतो का?

उत्तर : ईईसीपीत पोटऱ्या, मांड्या व नितंबांवरील पट्टे हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून फुगवले जातात, साधारणतः तासाभराच्या ३५ बैठका होतात. औषधांनी न थांबणारी छातीतील वेदना काहींना यामुळे कमी जाणवते, पण ब्लॉकेज निघत नाहीत. महाधमनीची झडप बरीच गळत असल्यास हा उपचार टाळावा. चिलेशनवर, म्हणजे शिरेतून औषध देऊन शरीरातील धातू बाहेर काढण्याच्या उपचारावर, पैसे घालवू नयेत. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरील मोठ्या चाचणीत, २०२४ मध्ये, त्याचा लाभ दिसला नाही.

प्रश्न : पतीला एका चाचणीत घेणार आहेत. संमतिपत्रावर सही मी केली तर चालेल का?

उत्तर : ते शुद्धीवर असून निर्णय घेऊ शकत असतील, तर सही त्यांचीच हवी. संमतिपत्र मराठीत मागून घ्यावे, घरी आणून वाचावे. त्यांना खरे औषध मिळेल की प्लासिबो (दिसायला तसेच, पण औषध नसलेले), हे आधी सांगता येत नसेल, तर तसे त्यात लिहिलेले असते. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. संमतिपत्रातील भरपाईचा परिच्छेद शोधून त्याखालील संपर्क क्रमांक टिपून ठेवा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.